राखणदाराची वाट

“काकी, तुळस बाहेर राहील,” नगरपंचायतीचे शेटे साहेब म्हणाले आणि त्यांनी चुन्याची फक्की तुळशीच्या अलीकडून ओढली.

आईला आधी कळलंच नाही. ती पांढऱ्या रेघेकडे बघत राहिली.

“भायर म्हणजे?”

“भिंतीच्या बाहेर. हायवेची हद्द इथं संपते. तिच्यापासून एवढी जागा मोकळी सोडायची आणि मग कंपाउंड. नगरपंचायतीचा नियम आहे, माझ्या हातात नाही.”

“ऱ्हवांदे भायर,” आई म्हणाली. “तुळस काय रस्त्यार पळाची नाय.”

रस्त्यावर पळणारा टेपचं दुसरं टोक धरून उभा होता. माझा थोरला भाऊ जयवंत. चाळिशीकडे झुकलेला, अंगानं दांडगा, दाढीत पांढरे केस. लहानपणी ताप मेंदूत गेला आणि तेव्हा होता तेवढाच तो राहिला. साहेबांनी टेप धरायला दिला म्हणून स्वारी खूश होती. दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघून मान हलवायची, काम कसं चाललंय बघ म्हणून.

पूर्वी आमच्या घरापुढून साधा रस्ता जायचा. अंगण, मग दगड रचलेला गडगा, मग रस्ता. जयवंत गडग्याला टेकून येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचा. ड्रायव्हर लोक त्याला ओळखायचे. एसटीवाले तर कधी कधी थांबून “काय जयवंतराव, येतास काय?” असं विचारायचे. तेवढ्यावर त्याचा दिवस जायचा. मग चौपदरी आली. गडगा गेला, अर्धं अंगण गेलं, रतांब्याची झाडं गेली आणि रस्ता आमच्या पायरीशी आला. गाड्या आता कुणाला ओळखत नव्हत्या. जयवंतच्या डोक्यात मात्र काही बदललं नव्हतं. हात करून गाडी थांबली नाही की तो पुढे जायचा, तरी थांबली नाही की आणखी पुढे. रस्त्याच्या मधोमध.

मी दिवसा अंगणवाडीत. घरी सत्तरीची आई आणि हा. रात्री ती आपला पदर त्याच्या मनगटाला बांधून पडायची. तो कुशीवर वळला तरी उठून बसायची. ही बाई शेवटची कधी झोपली असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

साहेब वहीत आकडे लिहीत होते तेवढ्यात घाटाच्या बाजूनं ट्रकचा हॉर्न आला. जयवंतनं टेप सोडला आणि धावला. आईनं मागून त्याच्या सदऱ्याला धरलं, सदरा फाटला, तरी तिनं सोडलं नाही. दोघंही रेघेवर आपटली. ट्रक निघून गेला. शेटे साहेब तरुण होते, सोलापूरकडचे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“रोज असंच?” त्यांनी हळूच मला विचारलं.

“सुट्टीच्या दिवशीसुद्धा,” मी म्हटलं.

मी तशीच आहे. फार रडू यायला लागलं की तोंडातून वाकडं बोलणं बाहेर पडतं.

साहेबांनी वही मिटली. “ताई, नकाशा मी पास करून देतो. भिंत छातीइतकी आणि वर जाळी, एवढं बसतं नियमात. पण तुमच्या अर्जावर हरकत आली आहे. वहिवाटीच्या वाटेची. ती हरकत घेणाऱ्यानं मागं घ्यायला हवी. त्यांचा ना-हरकत दाखला आणा, दुसऱ्या दिवशी परवानगी घेऊन जा.”

हरकत कोणाची ते विचारायची गरज नव्हती. रस्त्यापलीकडून येणारी एक पायवाट आमच्या अंगणातून डोंगराकडे चढते. शिमग्यात रवळनाथाची पालखी त्या वाटेनं येते, पण ते वर्षातून एकदा. खरी अडचण राखणदाराची. तोच देव गावाचा राखणदार होऊन खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन रोज रात्री त्याच वाटेनं फिरतो आणि गाव सांभाळतो, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. मी त्याला कधी पाहिलं नाही. पण त्याची वाट कुठून जाते हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं आणि त्या वाटेवर आम्ही कधी लाकडांचा भारासुद्धा टाकला नव्हता.

हरकत घेतली होती बुधाजी परबांनी. ते देवळाचे मानकरी. गावकीचा शब्द म्हणजे बुधाजीआबांचा शब्द.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते ओटीवर गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. वाईट माणूस नव्हे. वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत आमच्या दारात बसून होते. म्हणून तर मला वाटलं होतं की ऐकतील.

“शालन, तुझ्या बापाशीन ह्या वाटेर कधी काठी आडवी घातल्यान नाय,” ते म्हणाले.

“बापाशीच्या येळेक चौपदरी नव्हती, आबानू.”

“दार कर. दाराक कोण नाय म्हणता? कुलूप तेवढा नको. राखणदाराच्या वाटेर कुलूप चालाचा नाय.”

“जयवंत सगळे कडये काढता. कुलूप नसात तर दार काय कामाचा?”

आबांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. त्यांना कळत होतं. कळत होतं म्हणूनच त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“मी सांगणारो कोण?” शेवटी म्हणाले. “देव सांगतलो. सोमवारी कौल लावया.”

सरकारी कचेरीत निदान साहेब रजेवर असतो, जेवायला गेलेला असतो. माणूस रागावून परत येतो आणि उद्याची आशा धरतो. देवाच्या कचेरीत साहेब कायम हजर. पण तो हो म्हणतो किंवा नाही म्हणतो आणि त्याच्यावर अपील नसतं.

सोमवारी आम्ही रवळनाथाच्या देवळात बसलो. सदा गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या बोटानं एकेक कळी चिकटवली. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, तुझा ह्या लेकरू वाटेर भिंत घालूक मागता. तुझी राजी आसात तर उजवो दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. मीही म्हटलं. आई तर डोळे मिटून पुटपुटत होती.

डावी कळी पडली. फार वेळ लावलासुद्धा नाही.

बाकीचे उठले, नमस्कार करून चपला शोधायला लागले. आई उठली नाही. ती बसल्या जागेवरून बोलली, आणि तिचा आवाज गाभाऱ्यापर्यंत गेला.

“बुधाजीभावजी, चौपदरी आयली तेवा हीच वाट मदीच तोडल्यानी. तेवा खय होतो तुमचो कौल? तेवा देवाक कोणी इचारल्यानी?”

“सरकाराक कोण इचारता, वयनी?” आबा खाली बघत म्हणाले.

“म्हणजे देवाचा बळ माझ्यावरच.”

मी आईला दंडाला धरून उठवलं. देवळाच्या पायऱ्या उतरताना तिचा पाय दोनदा चुकला.

मी पुन्हा शेटे साहेबांकडे गेले. त्यांनी पुस्तक उघडून नियम दाखवला, मग बंद केलं आणि आवाज खाली आणला. “ताई, चिरा आणि सिमेंट लागलं की ते बांधकाम. काट्याकुट्यांची वई घातलीत तर तिला कुणाची परवानगी लागत नाही. तात्पुरतं तेवढं करा.”

कौल भिंतीला नाही म्हणाला होता, वईला नव्हे, अशी मनाची समजूत घालून मग आम्ही वई घातली. जिथे भिंत यायची त्या रेघेवर. मी सुट्टी घेतली, निरगुडीचे खुंटे तोडले, बांबूच्या कांबी फाडल्या, करवंदीची जाळी ओढून आणली. आणि इथं आमच्याकडून जी चूक झाली ती आठवली की आजही मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. वई घालायची तर सगळं घर लागतं, ही आमच्याकडची रीतच. म्हातारी माणसं सुंभ वळतात, पोरं काटे पुरवतात. जयवंतलाही आम्ही कामाला घेतलं. तोही खूश. त्यानं खुंटे ठोकले, सुंभाचा फास कसा मारायचा ते शिकला, काट्यांनी हात रक्ताळले तरी थांबेना. आईनं कितीतरी दिवसांनी त्याची पाठ थोपटली.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी आई विहिरीवर कळशी भरायला गेली तेवढ्या वेळात त्यानं वई सोडली. मोडली नाही, सोडली. एकेक फास उलट्या हातानं काढला, कांबी एका बाजूला रचून ठेवल्या, करवंदीचे काटे दुसऱ्या बाजूला. आम्ही शिकवलं होतं तसंच, फक्त शेवटाकडून सुरुवातीकडे. आणि मग गेला.

मला अंगणवाडीत मोटारसायकलवरून निरोप आला. मी पोचले तेव्हा रस्त्यात गर्दी होती, एक मासळीचा टेम्पो वाकडा उभा होता आणि बर्फाचं पाणी सगळीकडे वाहत होतं. जयवंत दुभाजकाला टेकून बसला होता. डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला, कपाळातून रक्त. मला बघून तो हसला.

“शालू, थांबली!” तो म्हणाला. “गाडी थांबली!”

टेम्पोचा ड्रायव्हर बाजूला खाली बसून हुंदके देत होता. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, तयारीही होती, पण मग मीच त्याला पाणी दिलं.

हाताला प्लास्टर घालून आम्ही घरी आलो. आईनं त्याला पडवीतल्या खांबापाशी बसवलं, भात भरवला, तोंड पुसलं. मग गोठ्यात गेली. आमचा गोठा रिकामा होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दावं खुंटीला तसंच होतं. ते घेऊन ती आली आणि त्याच्या पायाला बांधायला लागली.

“आये! तो ढोर काय?”

“ढोर बरा,” ती गाठ मारत म्हणाली. “ढोराक निदान कळता, दावा म्हणजे काय ता.”

जयवंतनं थोडा वेळ दाव्याशी खेळ केला. मग उठून चालायला लागला आणि तोंडावर पडला, मोडक्या हातावर. तो असा ओरडला की मी कानांवर हात ठेवले. आई त्याच्याजवळ गेली नाही. खांबाला धरून उभी राहिली.

“जांवदे त्येका,” ती म्हणाली. “एकदाच जांवदे. माझ्या डोळ्यांदेखत जांवदे, म्हणजे मी सुटान. मी आधी मेलंय तर ह्येका कोण बगतला?”

आणि मग तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. मी तिचे हात धरले. मला तिचा राग आला नाही. येणार कसा? हॉस्पिटलच्या बाकावर बसून मीही तेच मनात म्हटलं होतं, फक्त माझं कुणाला ऐकू आलं नव्हतं. कुठली परवानगी, कुठला साहेब, कुठला देव. सगळी दारं ठोठावून झाली होती आणि आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला तशीच उघडी होतो.

दावं त्या दिवसापासून त्याच्या पायाला राहिलं. पायाला वळ उठले, वळांवर फोड आले. आई हळद लावायची आणि पुन्हा बांधायची.

असं चाललेलं असताना एके सकाळी ती मला म्हणाली, “त्यो ना-हरकतीचो कागद लिवन काढ. आणि सदाक निरोप दी. सोमवारी माका कौल लावचो आसा.”

“एक गोष्ट देवाक दोनदा इचारूक गावना नाय, आये. म्हायत नाय तुका?”

“माका शिकव नको,” ती म्हणाली.

सोमवारी आम्ही तिघंही गेलो. जयवंतला ठेवणार कुठे? आई पुढे, दाव्याचं टोक तिच्या हातात, मागून तो, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात सांभाळत. गावातली माणसं दारात येऊन बघत होती. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. आईनं इकडेतिकडे बघितलं नाही.

देवळात बुधाजीआबा आणि पाच-सहा गावकरी बसले होते.

“वयनी, त्याच गोष्टीर परत कौल नाय,” आबांनी आधीच सांगून टाकलं.

“दुसरी गोष्ट इचारतंय,” आई म्हणाली. “सदा, मी सांगतंय तसा गाऱ्हाणा घाल. नायतर मीच घालतंय.” आणि सदा गुरवानं तोंड उघडायच्या आत तिनं घातलंसुद्धा. “देवा म्हाराजा, तुका तुझी वाट व्हयी. घे. पण त्या वाटेन माझो झील मराक जाता. तेवा वाट तुझी, तर झीलय तुझो. उद्यापासून रोज सकाळी त्येका हाडून तुझ्या दारात सोडतंय, सांजेक घरा नेतंय. तू राखतलंस तर उजवो दी. राखूचो नसात तर डावो दी, आणि वाट सोड!”

“व्हय म्हाराजा” म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. सदाच्या हातात ओल्या कळ्या तशाच राहिल्या. तो आबांकडे बघायला लागला.

“असो कौल लावूक येवचो नाय,” आबा म्हणाले.

“कित्याक?”

“अगो, देव काय माणसां सांबाळता?”

“गाव सांबाळता म्हणतास मां तुमी? रातभर फिरान? मगे माझो झील गावातलो नाय?”

मागून एका गावकऱ्यानं दबक्या आवाजात विचारलं, “आबानू, उजवो पडलो तर?”

तेव्हा मला समजलं की ही माणसं कशाला घाबरली आहेत. नकाराला नव्हे. होकाराला.

“उजवो पडलो तर राखतलो कोण?” आबांचा आवाज चढला. “देव काय पाषाणातसून उठान येतलो?”

“देवाचो ढोल तुमी वाजवतास,” आई म्हणाली. “पालखी तुमी उचलतास. देवाची सगळी कामां तुमीच करतास. ह्या काम देवान धरल्यान तर ताय तुमीच करतलास. सदा, लाव.”

सदा गुरव भित्रा माणूस. आईच्या आवाजानं असेल किंवा आणखी कशानं, त्यानं घाईघाईनं कळ्या लावून टाकल्या. एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या.

“लावलंस?” आबा ओरडले. “मी सांगलंय काय तुका?”

पण लावलेली कळी माणसानं काढायची नसते. ती पडेपर्यंत कुणी उठायचंही नसतं. आबांनी एकदा मूर्तीकडे बघितलं, एकदा जयवंतकडे. जयवंत प्लास्टर खाजवत बसला होता. मग आबांनी माझ्यापुढे हात केला.

“कागद हाडलंस मां? हाड हय. पेन दी.”

मांडीवरच कागद ठेवून त्यांनी सही केली. आमची काही हरकत नाही, अर्जदारानं नियमानुसार भिंत बांधावी. कागद माझ्या हातात देताना त्यांच्या कपाळाला घाम होता. “झाला तुमच्या मनासारखा. घाला भिंत. आता हो कौल धरूचो नाय, सदा. ऐकलंस?”

आम्ही सगळे बसून राहिलो. माझ्या छातीत आनंद मावत नव्हता. कागद मी घडी करून पोलक्यात ठेवला. आता वर काय पडतं याच्याशी मला घेणं नव्हतं. चिरे कुठून आणायचे, गवंडी कोण बोलवायचा, मनानं मी तिथवर पोचलेही होते.

बराच वेळ गेला. मग उजवी कळी सुटली, देवाच्या छातीवरून घसरली आणि खाली पडली.

आबांनी डोळे मिटले. मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं जमिनीला डोकं टेकलं आणि ते उचलायला तिला इतका वेळ लागला की मीच घाबरले.

परतताना मी तिला म्हटलं, “आये, उद्या सकाळीच मी कागद देवन येतंय साहेबांका.”

“नको.”

“नको म्हणजे?”

“देवान राखतंय म्हणान सांगल्यान. वाट त्येची ऱ्हवली.”

“अगो, सही आसा! बुधाजीआबांची सही आसा ही!”

“सही बुधाजीची. बोललंय मी देवाकडे,” ती म्हणाली.

मी रस्त्यातच उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं आता लिहीत नाही. देवाला बोलले, तिला बोलले. हातात सही आलेली असताना तू पोराला देवळाच्या उघड्या अंगणात सोडणार, तुझं डोकं फिरलंय, असंही म्हटलं. ती ऐकत राहिली. मग कडेच्या दगडावर बसली आणि रडायला लागली. तिला असं रडताना मी वडील गेले तेव्हाही बघितलं नव्हतं.

“मी डावो मागी होतंय गो,” ती म्हणाली. “मनातसून डावोच मागी होतंय. माका वाटला, असल्या पोराक कोण घेतला? देव तरी कित्याक घेतलो? नको म्हणतलो, वाट सोडतलो, आणि माका माझी भिंत गावतली. त्यान व्हय म्हटल्यान गो शालू. त्येका कोणीच कधी व्हय म्हणूक नव्हता.”

जयवंत तिच्या डोक्यावरून आपला चांगला हात फिरवत होता, त्याला ताप आला की ती फिरवते तसा.

सकाळी तिनं त्याला ऊन पाण्यानं आंघोळ घातली, भांग पाडला, धुतलेला सदरा घातला, भाकरी आणि लोणचं फडक्यात बांधलं. दावं तिनं पायातून काढलं आणि घरी ठेवलं. मी अंगणवाडीत रजा सांगितली होती. आई सोडून आली की देवळामागच्या वडाआड दिवसभर बसून लक्ष ठेवायचं असं मी ठरवलं होतं. गावात कुणी येणार नव्हतं, याची मला खात्री होती.

देवळाच्या पायरीवर बुधाजीआबा बसले होते. डोळे लाल, दाढी वाढलेली, काठी मांडीवर.

“रातभर डोळ्याक डोळो नाय,” ते आमच्याकडे न बघता म्हणाले. “हाडलंस? बसव थय.”

आईनं जयवंतचा हात सोडला नाही.

“तो रस्त्यार पळता,” ती म्हणाली.

“म्हायत आसा.”

“भूक लागली तरी सांगना नाय.”

“बरा.”

“तहान लागली की—”

“वयनी, हात सोड. तू समोर आसस तवसर तो माझा ऐकाचो नाय. घरा जा.”

तिनं एकेक बोट सोडवलं. आम्ही वळलो. वळणापर्यंत ती मागे बघत होती, मग बघायचं थांबली आणि नुसती चालत राहिली. वडाआड बसायचं मी विसरूनच गेले.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. आबांच्या सहीचा कागद घडीचा घडीच राहिला, भिंत झाली नाही. गावकऱ्यांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या. प्रेमानं नव्हे, हे मी स्पष्ट सांगते. देवाच्या भीतीनं. कुणी कुरकुरत यायचं, कुणी पाळी चुकवायचं आणि मग घरात पोर आजारी पडलं की धावत यायचं. एकदा पाळीवाल्याला झोप लागली आणि जयवंत पार हायवेपर्यंत गेला, तेव्हा सगळी वाडी हातातली कामं टाकून धावली होती. सगळं सुरळीत झालं असं म्हणणारी मी नव्हे. पण पायाला दावं पुन्हा लागलं नाही.

मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या दिवसाचं. घरी आल्यावर आईला काय करावं ते समजेना. तिनं चूल पेटवली, विझवली. आंघोळीचा तांब्या घासला, पुन्हा घासला. ओटीवर येऊन बसली, उठली, बसली. मी म्हटलं, “जरा पड गो.” ती पडली. बाहेर ट्रकांची रांग लागली होती, हॉर्नवर हॉर्न चालले होते आणि माझी आई उघड्या ओटीवर, भर दुपारी, तोंड उघडं टाकून घोरत होती.

संध्याकाळी बुधाजीआबा जयवंतला हाताला धरून घेऊन आले. मी तिला हाक मारायला वळले, तर त्यांनी काठी आडवी केली.

“उठव नको तिका,” ते म्हणाले आणि दुखरे गुडघे सांभाळत आमच्या पायरीवर, रस्त्याच्या बाजूला, जयवंतला आतल्या अंगाला घेऊन बसले. “निजांदे. मी आसंय हय.”